डोळे मिटून दहा मिनिटं बसलात, त्यावरून स्मरणशक्ती ठरत नाही

ताई, नमस्कार.

मी ४२ वर्षांची आहे, एका कंपनीत हिशेब विभागात काम करते. साहेब एका दमात तीन कामं सांगतात आणि मी जागेवर येईपर्यंत त्यातली दोनच डोक्यात उरतात. कोणी फोनवर नंबर सांगितला की पेन सापडेपर्यंत शेवटचे आकडे गेलेले असतात. मागच्या टेबलावर कोण काय बोलतंय ते मात्र सगळं ऐकू येतं. माझी धाकटी बहीण नेमकी उलटी. एकदा ऐकलं की तिच्या डोक्यात पक्कं. लहानपणापासून हा फरक आहे, पण गेल्या वर्षभरात मला त्याची भीती वाटायला लागली आहे.

एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून ‘ब्रेन मॅपिंग’ करून घेतलं. डोक्याला टोपी लावून दहा मिनिटं डोळे मिटून स्वस्थ बसायला सांगितलं. आदल्या रात्री वर्षअखेरच्या कामामुळे घरी यायला उशीर झाला होता, त्यामुळे मध्ये बहुतेक डुलकीही लागली. रिपोर्टमध्ये डोक्याचे रंगीत नकाशे आहेत, दोन-तीन ठिकाणी लाल. खाली लिहिलंय : विश्रांत अवस्थेत थीटा लहरी वाढलेल्या, अल्फा मंद, वर्किंग मेमरी कमकुवत. न्यूरोफीडबॅकची (आपल्या मेंदूच्या लहरी पडद्यावर बघून त्या बदलायच्या सरावाची) ४० सेशन सुचवली आहेत. हे आनुवंशिक असतं, म्हणून माझ्या नऊ वर्षांच्या मुलाचीही तपासणी करून घ्या म्हणतात. मुलगा शाळेत धांदरट आहे हे खरं. पैसे भरायची मुदत जवळ आली आहे. माझा मेंदू खरंच कमी पडतोय का? काय करू?

— एक वाचक

नमस्कार.

मुदत जवळ आली आहे म्हणता, म्हणून आधी उत्तर देते आणि मग कारणं सांगते. कोर्सचे पैसे भरू नका. मुलाला तिथे नेऊ नका. तुमचा मेंदू कमी पडतोय असं त्या रिपोर्टवरून कुणालाच म्हणता येत नाही, ज्यांनी तो दिला त्यांनाही नाही.

तरी त्यामागचं शास्त्रच थोतांड आहे असं समजू नका. ते शास्त्र मला मनापासून आवडतं, आणि म्हणूनच त्याच्या नावाखाली एखाद्या धडधाकट बाईला घाबरवलेलं पाहिलं की वाईट वाटतं.

स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मेंदूत काय चालतं, हा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे. जर्मनीतल्या येना इथल्या हान्स बेर्गर या मनोविकारतज्ज्ञाने १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूची विद्युत नोंद पहिल्यांदा घेतली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. डोळे मिटले की सेकंदाला साधारण दहा वेळा वरखाली होणारी लहर उमटते आणि डोळे उघडले की ती दबते, हे त्यांनी दाखवलं. तुमच्या रिपोर्टमधली अल्फा ती हीच. सुरुवातीला फारसा कुणाचा विश्वास बसला नाही. १९३४ मध्ये केंब्रिजमध्ये एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी स्वतः प्रयोग करून ती खरी असल्याचं दाखवलं, तेव्हा कुठे लोकांनी मान्य केलं.

पुढे स्कॅनर आले आणि आणखी एक गोष्ट लक्षात आली. मेंदूचं वजन शरीराच्या फक्त २ टक्के असतं, पण शरीराच्या ऊर्जेतला जवळपास २० टक्के वाटा तो एकटा वापरतो. त्यात एखादं अवघड गणित सोडवायला घेतलं तरी हा खर्च जेमतेम ५ टक्क्यांनी वाढतो, बरेचदा तेवढाही नाही. म्हणजे खर्चाचा मोठा भाग आपण काही न करता बसलो असतानाही चालूच असतो. १९९५ मध्ये भरत बिस्वाल यांनी दाखवलं की स्कॅनरमध्ये माणूस हात न हलवता निश्चल पडलेला असतानाही, हात हलवणारे मेंदूचे डावे-उजवे भाग एकाच लयीत कमी-जास्त होत राहतात. २००१ मध्ये मार्कस रेकल आणि सहकाऱ्यांनी अशा भागांचं वर्णन केलं जे आपण आपल्याच विचारात असतो तेव्हा जागे असतात आणि बाहेरचं काम हातात घेतलं की शांत होतात. त्यांना आता डिफॉल्ट मोड नेटवर्क म्हणतात. कपाळामागचा मधला भाग आणि मेंदूच्या मागच्या बाजूचा मधला भाग हे त्यातले मुख्य.

वर्किंग मेमरीचा संबंध इथे येतो. तुम्ही हिशेबातल्या, म्हणून तुम्हाला वेगळं समजवायला नको : बेरीज करताना ‘हातचा एक’ धरून ठेवून पुढच्या रकान्याकडे जाता, ती वर्किंग मेमरी. काही सेकंद धरून ठेवायचं आणि धरता धरताच त्यावर काम करायचं. हे करताना कपाळामागचे बाजूचे भाग आणि डोक्याच्या वरच्या-मागच्या बाजूचे भाग मिळून जास्त काम करतात आणि डिफॉल्ट मोडचं जाळं मागे सरतं. २००६ मध्ये मिशेल हॅम्पसन आणि सहकाऱ्यांना असं आढळलं की डिफॉल्ट जाळ्यातल्या दोन भागांचा एकमेकांशी ताळमेळ किती आहे, याचा त्या माणसाच्या वर्किंग मेमरीच्या कामगिरीशी संबंध दिसतो. नुसतं पडून राहिलेलं असताना मोजलेला ताळमेळसुद्धा त्या कामगिरीशी जुळत होता. अल्फाच्या वेगाचंही तसंच. ऑस्ट्रियाच्या वोल्फगांग क्लिमेश यांनी १९९० च्या दशकात मांडलं की ज्यांची अल्फा जरा वेगवान, त्यांची स्मरणशक्ती सरासरीने बरी. नंतरच्या अभ्यासांत हा संबंध कधी सापडला, कधी नाही.

त्या वाक्यातल्या ‘सरासरीने’ या शब्दापाशी तुमचा रिपोर्ट अडखळतो. गटात दिसलेला कल एका माणसाला लावता येतो का, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत शास्त्रज्ञांनी स्वतःलाच विचारला आणि उत्तर फार कडक आलं. २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये स्कॉट मॅरेक आणि सहकाऱ्यांनी सुमारे ५०,००० लोकांची माहिती तपासून पाहिली. मेंदूच्या एखाद्या भागाची जाडी किंवा विश्रांत अवस्थेतली एखादी जोडणी, आणि माणसाची बौद्धिक कामगिरी किंवा मानसिक तक्रारी, यांच्यातले बहुतेक संबंध जवळजवळ शून्याला टेकलेले निघाले. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि एक म्हणजे पूर्ण संबंध, अशा मापावर दुसऱ्या गटातही टिकलेला मोठ्यात मोठा संबंध होता ०.१६ च्या आसपास. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर माणसा-माणसातल्या फरकाचा जेमतेम अडीच टक्के भाग त्यातून कळतो. हजारो जोडण्या एकत्र घेऊन अंदाज बांधला तर आकडे सुधारतात, पण एका माणसाच्या हातात निदान ठेवावं इतके नाही. हे सगळं महागड्या स्कॅनरमधून, हजारो माणसांवरून. तुमच्याकडे आहे दहा मिनिटांची टोपी.

यातली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट सांगते. २०१५ मध्ये एमिली फिन आणि सहकाऱ्यांनी १२६ जणांचे स्कॅन घेऊन पाहिलं : दोन वेगवेगळ्या दिवशी निश्चल पडून घेतलेल्या स्कॅनमधल्या जोडण्यांवरून कुठला स्कॅन कुणाचा हे ९० टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर ओळखता आलं. म्हणजे विश्रांत मेंदू माणसागणिक वेगळा असतो यात शंका नाही. तो तुमची ओळख पटवतो. पण साहेबांनी सांगितलेली तीन कामं तुम्ही जागेपर्यंत न्याल की नाही, ते त्यावरून कळत नाही.

आता तुमचा रिपोर्ट. तुम्ही स्वतःच लिहिलंय की आदल्या रात्री घरी यायला उशीर झाला होता आणि मध्ये बहुतेक डुलकी लागली. झोप डोळ्यांवर आली की पहिल्यांदा अल्फा मंदावते, मग विरते आणि तिच्या जागी थीटा ही आणखी संथ लहर वाढते. हे प्रत्येक निरोगी माणसात होतं. ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद, वाचणारा माणूस आधी मूळ रेघा डोळ्यांखालून घालतो, झोपेची मिनिटं बाजूला काढतो, डोळ्यांच्या आणि जबड्याच्या हालचालींचे ठसे वगळतो, मगच पुढे जातो. तुमच्या रिपोर्टवर तसं काही केल्याचा उल्लेख आहे का बघा. नसेल, तर त्या कागदावर नोंदली गेलेली गोष्ट फक्त एवढीच असू शकते की एक दमलेली बाई खुर्चीत पेंगली.

लाल डागांचंही ऐका. अशा नकाशात साधारण १९ जागांवरच्या चार-पाच प्रकारच्या लहरी एका ‘नॉर्मल’ गटाशी ताडून पाहतात. पाच प्रकार धरले तर ९५ तुलना झाल्या. नेहमीच्या मर्यादेबाहेर निव्वळ योगायोगाने शंभरात सुमारे पाच आकडे जातात. म्हणजे पूर्ण निरोगी, झोप झालेल्या माणसाच्या नकाशातही सरासरी चार-पाच ठिकाणी रंग चढणारच. तुमच्या नकाशात दोन-तीन आहेत.

आनुवंशिकतेचं म्हणाल तर त्यात अर्धं सत्य आहे. जुळ्यांच्या अभ्यासांत अल्फाचा वेग बराचसा आनुवंशिक दिसतो, वर्किंग मेमरीतही अनुवंशाचा मोठा वाटा आहे. पण तुम्ही आणि तुमची बहीण एकाच आईवडिलांच्या, तरी दोन टोकांना आहात हे तुम्हीच लिहिलंय. मग तुमच्या नकाशावरून मुलाबद्दल काय कळणार?

बहीण आणि तुम्ही यांच्यातला फरक मात्र खरा असू शकतो, तो मी नाकारत नाही. आपण सगळेच इथे फार तोकडे आहोत. एका वेळी किती गोष्टी मनात धरता येतात, याचा सात हा आकडा जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केला होता. २००१ मध्ये नेल्सन कोवान यांनी पुरावे तपासून तो चारपर्यंत खाली आणला : मनात घोकण्याची सोय काढून घेतली तर साधारण चार गोष्टी. कुणाच्या दोन-तीन राहतात, कुणाच्या पाच. ही तफावत निरोगी माणसांमधलीच आहे.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं : मागच्या टेबलावरचं सगळं ऐकू येतं. २००१ मधला कॉनवे, कोवान आणि बंटिंग यांचा एक प्रयोग आहे. लोकांना एका कानात येणारे शब्द मोठ्याने म्हणत राहायचे होते आणि दुसऱ्या कानातल्या आवाजाकडे लक्ष द्यायचं नव्हतं. त्या दुसऱ्या कानात मध्येच त्यांचं स्वतःचं नाव उच्चारलं गेलं. वर्किंग मेमरीच्या चाचणीत वरच्या गटात असलेल्यांपैकी फक्त २० टक्के लोकांना ते ऐकू आलं, खालच्या गटातल्या ६५ टक्के लोकांना. २००५ मध्ये व्होगेल आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या लहरींवरून तेच दुसऱ्या बाजूने दाखवलं : ज्यांची क्षमता कमी भरते, ते बरेचदा नको असलेल्या गोष्टीसुद्धा धरून ठेवतात. म्हणजे जागा कमी असते असंच नाही. बिनकामाचं आत येऊन बसतं, म्हणून कामाचं बाहेर राहतं. त्यात काळजीची भर पडली की आणखी अडचण, कारण ‘आपण विसरणार’ हा विचारसुद्धा त्याच चार जागांमधली एक अडवून बसतो. गणिताच्या भीतीवरच्या अभ्यासांत हे स्पष्ट दिसलंय : घाबरलेल्यांची वर्किंग मेमरी आकड्यांसमोर आक्रसते.

म्हणून मी चाळीस सेशनऐवजी तुमच्या टेबलापासून सुरुवात करेन. खुर्चीची दिशा बदलता येते का बघा, किंवा महत्त्वाच्या तासात इअरफोन लावून शब्द नसलेलं संगीत ऐका. साहेबांनी तीन कामं सांगितली की तिथेच उभं राहून ती परत म्हणा : ‘म्हणजे आधी बँकेचा ताळा, मग ते बिल, मग ईमेल, बरोबर?’ आणि त्यांच्या समोरच वहीत लिहा. जागेवर येऊन लिहू नका, वाटेतच कुणीतरी हाक मारणार आहे. फोन वाजला तर उचलण्याआधी दोन सेकंद घ्या आणि अर्धवट आकडा व पुढची पायरी कागदावर टाका. नंबर सांगणाऱ्याला तीन-तीन-चार असे तोडून सांगायला लावा आणि प्रत्येक तुकडा मोठ्याने परत म्हणा. यात कमीपणा काही नाही. वैमानिकसुद्धा नियंत्रण कक्षाची सूचना मिळाली की परत म्हणून दाखवतात, तसा नियमच आहे.

सरावाने वर्किंग मेमरी वाढत नाही का, असं तुमच्या मनात येईल. एका तरुणाची गोष्ट मानसशास्त्रात प्रसिद्ध आहे, एस. एफ. या आद्याक्षरांनी. सुरुवातीला त्याला आकड्यांची सातची रांग लक्षात राहायची. सुमारे २३० तासांच्या सरावानंतर, १९८० मध्ये एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केल्याप्रमाणे, तो ७९ आकड्यांपर्यंत पोचला. तो धावपटू होता, आकड्यांचे गट करून त्यांना शर्यतीच्या वेळा समजायचा. मग त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली आणि गाडी पुन्हा सहावर आली. त्याची साठवण वाढली नव्हती, त्याने आकड्यांची ओळख वाढवली होती. मेंदूच्या व्यायामाच्या खेळांचंही हेच होतं : माणूस त्या खेळात पटाईत होतो, पण ऑफिसमध्ये फरक पडल्याचा पुरावा फारसा मिळत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ल्युमॉसिटी या ॲपच्या कंपनीकडून दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल २० लाख डॉलर घेतले, ते याच कारणाने. तुमचा वेळ तुमच्याच कामाची ओळख वाढवण्यात घाला. नेहमीचे खाते क्रमांक आणि ग्राहकांचे कोड पाठ असले की चार जागांपैकी एकीत बरंच काही मावतं.

आता एक गोष्ट तुम्हीच तपासायची आहे. लहानपणापासून असं आहे, असं लिहिता, आणि गेल्या वर्षभरात भीती वाटायला लागली, असंही लिहिता. भीती नवी आहे की विसरणं नवं आहे? विसरणं तेवढंच असेल तर तो तुमचा स्वभाव आहे, आजार नाही. खरोखर वाढलं असेल तर फॅमिली डॉक्टरांकडे जा आणि साध्या गोष्टी बघून घ्या : थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, झोप किती आणि कशी होते, घोरणं आहे का, सर्दी-ॲलर्जीची गुंगी आणणारी गोळी रोज चालू आहे का, मन उदास राहतं का. पाळी जाण्याच्या आसपासच्या वर्षांत अनेकींना नेमकी ही तक्रार जाणवते, तेही मोकळेपणाने बोला. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं, रोजचा शब्द वारंवार न आठवणं, घरच्यांनाच बदल जाणवणं, किंवा अचानक बोलण्यात वा हातापायात अडखळणं, यातलं काही असेल तर वाट न पाहता न्यूरॉलॉजिस्ट. बोलणं किंवा हातपाय अचानक अडखळले तर त्याच क्षणी हॉस्पिटल.

मुलाबद्दल. नऊ वर्षांच्या मुलाची वर्किंग मेमरी मोठ्या माणसापेक्षा कमी असणारच, ती पौगंडावस्थेतही वाढत राहते. आपण मात्र त्याला दप्तर भर, बूट घाल, पाण्याची बाटली घे, असं एका वाक्यात सांगतो आणि दोन गोष्टी राहिल्या की धांदरट म्हणतो. एका वेळी एक सांगून बघा. वर्गशिक्षकांना विचारा की त्यांना काय दिसतं. डोळे आणि कान तपासून घ्या. तरी काळजी राहिली तर बालरोगतज्ज्ञांकडे किंवा मुलांच्या मानसतज्ज्ञांकडे न्या. लक्ष न लागण्याच्या तक्रारीचं निदान घर आणि शाळा दोन्हीकडच्या माहितीवरून होतं. संथ थीटा आणि वेगवान बीटा लहरींचं प्रमाण नेहमीच्या तपासणीच्या जागी वापरू नये, असं अमेरिकन ॲकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने २०१६ मध्ये सांगितलेलं आहे. न्यूरोफीडबॅकची एक काटेकोर चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, लक्ष न लागण्याची तक्रार असलेल्या ७ ते १० वर्षांच्या १४० हून अधिक मुलांवर. निम्म्याहून अधिक मुलांना खरा न्यूरोफीडबॅक दिला, बाकीच्यांना हुबेहूब दिसणारा खोटा, आणि कुणाला काय मिळालं हे मुलांना, पालकांना, शिक्षकांना माहीत नव्हतं. दोन्ही गट सुधारले, पण खऱ्याने खोट्यापेक्षा जास्त फायदा झाला नाही. मुलं सुधारली ती बहुधा नियमित वेळ, मोठ्यांचं लक्ष, कौतुक आणि वाढतं वय यांमुळे. त्यातलं बरंचसं तुम्ही घरी देऊ शकता.

रिपोर्ट फाडू नका. केंद्राकडून मूळ ईईजीची फाइल मागून घ्या, रंगीत नकाशा नव्हे. पुढे कधी न्यूरॉलॉजिस्टकडे जायची वेळ आली तर त्यांना मूळ रेघाच उपयोगी पडतील. पैशांसाठी फोन आला तर ‘आमच्या डॉक्टरांना दाखवून ठरवते’ एवढंच सांगा. सवलत आजच संपतेय असं म्हणाले तरी तेच वाक्य पुन्हा म्हणा आणि फोन ठेवा.